चांदीची खोली

माझ्या खोलीतल्या दोघी मुली सॉफ्टवेअरमध्ये होत्या. सदाशिव पेठेत एका निवृत्त शिक्षिकेच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघी कॉट बेसिसवर राहायचो. सकाळी त्या दोघींना न्यायला कंपनीची एसी गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन हॉर्न द्यायची, आणि मी डबा काखोटीला मारून, स्वारगेटला बस बदलत, हडपसरच्या एका क्रोम प्लेटिंगच्या शेडमध्ये जायचे. पुण्यात तेव्हा ज्याला त्याला कंप्युटरनं झपाटलं होतं. एमएस्सी केमिस्ट्री केलेल्या मुलीनं आयटी सोडून शेडमध्ये जावं, हे आमच्या घरी कोणाच्या गळी उतरत नव्हतं. विदर्भातल्या आमच्या गावाहून दर रविवारी वडिलांचा फोन यायचा. "तू काय करून राहिली तिकडं?"

"नॅनो टेक्नॉलॉजी, बाबा."

"म्हणजे कंप्युटरच ना?"

मी चिडायचे. मी पटकन चिडते, अजूनही. एकदा घरमालकीणबाईंना हे सगळं नीट समजावून सांगायचा प्रयत्न केला. चांदीचे कण इतके बारीक करायचे की एका केसाच्या रुंदीवर हजारो शेजारीशेजारी बसतील. कण इतका बारीक झाला की धातूचा स्वभावच बदलतो, चांदी पिवळी दिसायला लागते आणि पाण्यातले जंतू तिच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अगं, डोळ्याला दिसत नाही, वास नाही, चव नाही. मग तुझे मालक विकतात तरी काय?" एवढं बोलून त्या शब्दकोड्याकडे वळल्या. पुण्यात राहायचं तर हे ऐकून घ्यावं लागतं.

मालकांना मी 'सर' म्हणायचे. साठीला टेकलेले, शहरातले, वडिलांपासून प्लेटिंगचा धंदा. स्कूटरची हँडलं, बंपर, नळाच्या तोट्या, सगळ्यांवर त्यांनी आयुष्यभर क्रोम चढवला होता. खुलं धोरण आलं, गाड्यांची मॉडेलं बदलली, चकाकणाऱ्या भागांच्या जागी प्लास्टिक आलं आणि काम आटत गेलं. शिवाय क्रोम ही वाईट चीज. टाकीवरच्या वाफेनं सरांच्या नाकातल्या पडद्याला भोक पडलं होतं, आणि हे ते सर्दी झाल्याच्या सुरात सांगत. त्यांच्या माणसांपैकीही काहींचं तसंच झालेलं. "मी जायच्या आत ही क्रोमची टाकी बंद झाली पाहिजे," असं ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

कुठल्याशा व्याख्यानात त्यांनी नॅनोबद्दल ऐकलं आणि ते डोक्यात घेतलं. "प्लेटिंग म्हणजे तरी काय हो? धातूला एखाद्या वस्तूवर नीट बसायला लावायचं. हा जरा लहान धातू, एवढंच." शेडचा एक कोपरा त्यांनी भिंत घालून वेगळा केला. गवंड्यावर विश्वास नाही म्हणून पांढऱ्या टाइल्स स्वतः गुडघ्यावर बसून लावल्या, दाराला काच बसवली, पाणी शुद्ध करायचं यंत्र आणलं. शेडमधली माणसं तिला चांदीची खोली म्हणायची. तिथं मी चांदीच्या क्षारापासून कण बनवायचे, आणि ते पाण्याच्या फिल्टरमधल्या पांढऱ्या कँडलवर चढवायचे. कँडलच्या आत जंतू वाढून शेवाळ धरतं, ते चांदीनं धरत नाही.

फिल्टर बनवणारी एक मोठी कंपनी आमचे नमुने तपासत होती. नमुने पसंत पडले, पण माल आमच्या डोळ्यांसमोर बनवून दाखवा म्हणाले. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी त्यांची माणसं येणार होती. त्यांनी होकार दिला तर खोली चालणार आणि क्रोमची टाकी हळूहळू बंद होणार. नकार दिला तर चांदीच्या खोलीला कुलूप, हे सरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. मला कुलूप म्हणजे काय ते वेगळं सांगायची गरज नव्हती. वडिलांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर नोकरीचं खरं नाही दिसलं तर ते येऊन मला घेऊन जाणार होते, स्थळही पाहून ठेवलं होतं. मला ते स्थळ नको होतं, ते गावही नको होतं. मला ती खोली हवी होती.

खंडेनवमीला दुपारी शेडमध्ये पूजा झाली. सगळी यंत्रं धुऊन पुसून, झेंडूच्या माळा, हळदकुंकू. सरांनी नारळ फोडला, पेढे वाटले. माझ्या यंत्रालाही कुंकवाचं बोट लागलं. त्या यंत्रातून पाणी थेंबथेंब येई, म्हणून चाचणीला लागणारं पाणी मी सकाळीच खालच्या पांढऱ्या कॅनमध्ये भरून, झाकण लावून ठेवलं होतं. कॅनच्या झाकणावरही कुंकू दिसलं. बाहेरून लागलंय, लागू दे, म्हटलं. प्रसाद खाल्ला आणि गर्दी व्हायच्या आत बस पकडली.

दसऱ्याची सुट्टी संपवून सकाळी लवकर पोचले. पाहुणे यायच्या आधी एक घाणा स्वतःपुरता करून बघायचा, असं ठरवलं होतं. कॅनमधलं पाणी घेतलं, गरम केलं, त्यात चांदीचा क्षार सोडला, ढवळत वरून दुसरं द्रावण थेंबाथेंबानं टाकायला लागले. नीट जमलं तर काही वेळानं पाणी पिवळं व्हायला लागतं, बिनदुधाच्या फिक्या चहासारखं. तो रंग आला की कण बारीक आहेत, सुटे आहेत. गुठळ्या झाल्या तर रंग मळतो.

त्या दिवशी चांदी सोडली तेव्हाच पाणी किंचित धुरकट वाटलं. मी चष्मा पुसला. थेंब टाकत राहिले. पाणी पिवळं झालं नाही. राखाडी होत गेलं, आणि शेवटी भांडी घासल्यावर मोरीत असतं तसलं दिसायला लागलं.

काच नीट धुतली नसेल, असं म्हणून नवीन फ्लास्क काढला, तो तीनतीनदा विसळला. चांदीची नवी बाटली फोडली. पुन्हा तेच. गेले कित्येक महिने मी इथं हाच पिवळा रंग काढत होते. झोपेतसुद्धा काढला असता. यंत्रावरचा काटा पाहिला. पाणी शुद्ध, काटा जिथं असायला हवा तिथंच.

तेवढ्यात गेटवर गाडी थांबल्याचा आवाज आला. ते लोक ठरल्यापेक्षा लवकर आले होते.

दाराच्या काचेतून दिसलं, सर त्यांना हात जोडून आत आणत होते. एक क्वालिटीच्या बाई, कॉटनची साडी, हातात फाइल. आणि त्यांच्यामागे खरेदी विभागाचे एक गृहस्थ. सर त्यांना आपट्याची पानं देत होते. मला पाहून त्यांनी काचेपलीकडून मान हलवली, सगळं ठीक ना, अशी. मी मान हलवली. काय हलवली, कशी हलवली, देव जाणे.

ते केबिनमध्ये चहाला बसले, आणि मी स्वतःला दम दिला की रडायचं ते घरी जाऊन रड. काच नवी, चांदी नवी. उरलं पाणी. काटा शुद्ध म्हणतोय. पण काटा यंत्राच्या तोंडाशी आहे, कॅनमध्ये नाही. कॅनमध्ये काय आहे ते काट्याला कुठून कळणार? पाण्यात मीठ आहे का हे बघायला कॉलेजात आम्ही एक थेंब चांदीचा क्षार टाकायचो. स्वच्छ पाणी तसंच राहतं, क्लोराइड असेल तर दुधाळ होतं. मी दोन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत यंत्राच्या नळीतून थेट थेंबथेंब पाणी घेतलं, दुसरीत कॅनमधलं. दोन्हींत एकेक थेंब टाकला. पहिली तशीच. दुसरीत पांढरा धूर पसरावा तसं झालं.

कॅनचं झाकण काढलं. आंबूस वास आला, अगदी पुसट. वाकून पाहिलं तर कडेला नारळाच्या शेंडीचा एक तांबूस धागा तरंगत होता.

मी केबिनच्या दारात गेले. "सर, एक मिनिट बाहेर येता?"

माझा चेहरा बघून ते लगेच उठले. क्रोमच्या टाकीपाशी, जिथं पंख्याच्या आवाजात केबिनमध्ये काही ऐकू जात नाही, तिथं मी त्यांना विचारलं, "नवमीला माझ्या कॅनमध्ये नारळाचं पाणी ओतलंत?"

"हो," ते म्हणाले. अगदी सहज. "सगळ्या टाक्यांत घालतो ना. पूजा झाली, सगळे गेले की उरलेलं पाणी एकेका टाकीत. वडील घालायचे. तुमचा कॅन नवा, पहिलीच नवमी, म्हणून त्यात जरा जास्त घातलं."

मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. "सर, नारळाच्या पाण्यात क्षार असतात. क्लोराइड. त्यात चांदी टाकली की तिच्या गुठळ्या होतात. दोन घाणे गेले. त्या कॅनमधलं सगळं पाणी गेलं."

"नारळाचं पाणी? आजारी माणसाला देतात ते?" मग त्यांचं त्यांनाच उमगत गेलं. क्रोमखाली निकेलचा थर देतात, त्या निकेलच्या टाकीत तर प्लेटिंगवाले क्लोराइड मुद्दाम घालतात, आणि क्रोमची टाकी एवढी मोठी की वाटीभर पाण्याचं तिला काही वाटत नाही. चाळीस वर्षांत त्या पाण्यानं कधी काही बिघडवलं नव्हतं. त्यांनी टाकीच्या कठड्यावर हात टेकला. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्यावरचा राग तिथंच कुठंतरी विरला आणि नुसती भीती उरली.

"वीज गेली होती म्हणून सांगू," मी म्हटलं. "लोडशेडिंग. कोणीही विश्वास ठेवेल."

"आत्ताच त्यांना जनरेटर दाखवून आलो," सर म्हणाले. "फार कौतुकानं."

मग ते सरळ केबिनमध्ये गेले. मी मागोमाग. खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत. "सकाळचा माल बिघडला आहे," त्यांनी सांगितलं. "मॅडमची काही चूक नाही. पूजेचं नारळाचं पाणी मी त्यांच्या शुद्ध पाण्यात ओतलं. त्यांना माहीत नव्हतं. आता कॅन धुऊन नवं पाणी जमवावं लागेल, त्याला वेळ लागेल. थांबणार असाल तर जेवण मागवतो. जाणार असाल तर मी समजू शकतो."

खरेदीवाले गृहस्थ आधी हसले आणि मग आपण हसायला नको होतं हे लक्षात येऊन खोकले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फाइल मिटली. "थांबते," म्हणाल्या. "मला कॅन बघायचा आहे."

पुढचे काही तास मला आयुष्यभर पुरतील. बाई माझ्या शेजारी स्टुलावर बसून होत्या. मी कॅन धुतला, प्रत्येक वेळी धुवणातलं पाणी घेऊन त्यात चांदीचा थेंब टाकला, त्यांना दाखवला. पाणी दुधाळ होणं थांबेपर्यंत धुतला. मग यंत्राखाली ठेवला आणि आम्ही थेंब पडताना बघत बसलो. सर आत आले नाहीत. काचेतून अधूनमधून त्यांचं डोकं दिसे, परत जाई. बाई प्रश्न विचारत, मी उत्तर देई. किती तापमान, किती वेळ, कण केवढे, कशावरून. नापास करायला बसलेल्या परीक्षकासारखा चेहरा, आणि तरी प्रश्न एकही वावगा नाही.

शेवटी घाणा लावला. चांदी सोडली, पाणी काचेसारखं स्वच्छ राहिलं. मी श्वास सोडला, पण थोडाच. थेंब टाकायला लागले. काही होईना. बाई घड्याळाकडे बघत नव्हत्या, मी बघत होते. डोक्यात वडिलांचा एसटीतून उतरतानाचा चेहरा. मग फ्लास्कच्या मध्यभागी, जिथं ढवळणं चाललं होतं तिथं, एक पिवळसर झाक आली. मला वाटलं, मला हवी म्हणून दिसतेय. मी बाईंकडे पाहिलं. त्या पुढे वाकल्या होत्या. झाक पसरली, गडद झाली आणि थांबली. फिका चहा.

"हं," बाई म्हणाल्या.

मी धावत बाहेर जाऊन सरांना सांगितलं. त्यांनी खिशातून रुमाल काढून चेहरा पुसला.

केबिनमध्ये सगळे बसलो. बाईंनी नमुन्याची बाटली टेबलावर ठेवली. "माल उत्तम आहे. ऑर्डर द्यायला माझी हरकत नाही. एक अट आहे." माझ्याकडे हात केला. "त्या खोलीत या जातील, आणि यांनी शिकवलेली माणसं. आपण जायचं नाही."

सर हसले. "अहो, एकदा चूक झाली. पुन्हा नाही होणार."

"आपण ठरवून केलं असतंत तर मी आपला शब्द धरला असता," बाई म्हणाल्या. आवाज कुठं चढला नव्हता. "आपण सवयीनं केलंत. चाळीस वर्षांचा हात आहे, तो विचारून जात नाही. आमचा फिल्टर ज्या घरात लागतो तिथं तान्ह्या मुलाचं पाणी त्यातनं येतं. आज रंग बिघडला म्हणून कळलं. ज्यानं रंग बिघडणार नाही असं काही आपण उद्या घालाल."

मला राहवलं नाही. "ती खोली त्यांनी बांधलीय," मी म्हटलं. "एकेक टाइल त्यांनी बसवलीय. खरं काय ते तुम्हाला त्यांनीच सांगितलं. दुसरा कोणी असता तर..."

"मॅडम, तुम्ही गप्प बसा," सर म्हणाले. माझ्यावर त्यांनी आवाज चढवला तो त्या एकाच वेळी. मग बाईंकडे वळून विचारलं, "दारापर्यंत आलं तर चालेल?"

बाई म्हणाल्या, "दारापर्यंत चालेल."

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा दारावर पाटी होती. काळ्या रंगात, सरांच्या ठसठशीत अक्षरात: 'या खोलीत प्रवेश नाही. मालकांनाही नाही. कारण विचारू नये.' शेडमधली माणसं पाटी वाचून हसत, आणि सर लांबून येताना दिसले की गप्प होत.

ऑर्डर आली. दिवाळीनंतर वडील आलेच, पण मला न्यायला आलेला माणूस दाराच्या काचेतून मला काम करताना बघत उभा राहिला. शेजारी सर. "आपल्या दोघांनाही आत मनाई आहे," सरांनी त्यांना सांगितलं. वडिलांनी पाटी दोनदा वाचली आणि संध्याकाळच्या गाडीनं एकटेच परत गेले. त्या स्थळाचं नाव पुन्हा निघालं नाही. क्रोमची टाकीही पुढे बंद झाली. ती रिकामी केली त्या दिवशी सरांनी सगळ्यांना मस्तानी पाजली.

ते रोज दारापर्यंत यायचे. मी प्रत्येक घाण्याची बाटली काचेला लावून दाखवायचे, ते मान हलवायचे. काही वर्षांनी काम वाढलं, खोली लहान पडायला लागली. मागची भिंत पाडून ती दुप्पट केली, मोठं भांडं आणलं. नकाशा सरांनीच काढला होता, टाइल्स त्यांनीच निवडल्या होत्या, पण बसवल्या दुसऱ्यांनी. काम पूर्ण झालं त्या दुपारी मी बाहेर आले तर ते दाराशी उभे होते. काचेतून पुढचा भागच दिसे, मागचा वाढवलेला दिसत नसे.

"आत कसं दिसतं हो?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "सर, या ना आत. त्या बाई कधीच्या निवृत्त झाल्या. कोण बघतंय?"

"पाटी माझ्याच हातची आहे, मॅडम. मला वाचता येतं."

मग मी तिथंच दारात उभी राहून त्यांची खोली त्यांना सांगितली. डाव्या हाताला भांडं, त्याच्या मागे यंत्र, कॅन आता नाही, बंद टाकी आहे. टाइल्सच्या फटी सरळ आल्यात. एका कोपऱ्यात अर्धी टाइल लावावी लागली. ते मान खाली घालून ऐकत होते, मधूनच बोटानं हवेत रेघ मारून बघत होते.

"मागच्या खिडकीतनं दुपारी ऊन येतं का?"

"येतं," मी म्हटलं.

"मग पडदा लावून घ्या," ते म्हणाले. "चांदीला ऊन चालत नाही."